बगळीच्या दोन बाजू

वेल्डर वाल्बेर्तोला चारची वेळ दिली होती. तो दीडलाच आला. ज्या घरी ओल्या तुरीच्या दाण्यांचे सांकोचो, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, शिजत असेल तिथे वेळेआधी पोहोचणे रेबोलो मोहल्ल्यात कधीच अपराध मानले गेलेले नाही, आणि बेत्साबेबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवशी तर नाहीच नाही. त्याने बाईंच्या गालाला गाल लावून शुभेच्छा दिल्या, खांद्यावरची पिशवी उतरवली आणि तिच्यातून लोखंड कापायचा ग्राइंडर काढून तो थेट जेवणाच्या टेबलावर, बगळीच्या शेजारी ठेवला.

"अरे, बोकडासमोर सुरा काय ठेवतोस!" बाईंची मुलगी एबेर्लीदेस ओरडली. "उचल आधी तो!"

"चारला कापायचंच आहे ना, एबे?"

"चारला. आत्ता दीड वाजलाय."

"मग अडीच तास बोकडाला सवय होऊ दे," वाल्बेर्तो म्हणाला. पण त्याने ग्राइंडर उचलला, खिडकीखालच्या कोनाड्यात ठेवला आणि त्याची वायर शेजारच्या प्लगमध्ये खोचून टाकली. जड यंत्राचा भार सोसेल असा त्या घरात तेवढा एकच प्लग होता.

एबेर्लीदेसने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. फेब्रुवारीचा वारा पत्र्यावरून धडधडत जात होता; घरात मात्र डांबराचा, डाखाचा आणि खारवलेल्या मांसाचा वास एकमेकांत मिसळून तुंबला होता. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर कोणी जेवले नव्हते. तिथे एक उताणी लोखंडी पेटी होती: तिच्या बापाने पन्नास वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधलेला, काचेच्या सोळा व्हॉल्व्हचा, दोन बाजूंचा ॲम्प्लिफायर. याच पेटीच्या जोरावर ‘ला गार्सा’, म्हणजे ‘बगळी’, हा त्यांचा पिको, गल्लीत नाचासाठी लावायचा अवाढव्य ध्वनिसंच, कार्निव्हलमध्ये सबंध गल्ली नाचवत असे. त्याचे कपाटाएवढे दोन स्पीकर आताही भिंतीशी उभे होते, आणि त्या दोहोंवर मिळून पंख पसरलेली एक पांढरी बगळी रंगवलेली होती. त्या बगळीवरूनच सगळे जण पेटीलाही बगळीच म्हणत. एकोणीस वर्षे ती मुकी होती, आणि आज चार वाजता तिचे मधोमध दोन तुकडे व्हायचे होते.

भावाभावांच्या वाटणीत शेत मधोमध तोडतात, घराच्या मधोमध भिंत घालतात. पण गाणाऱ्या यंत्राची वाटणी लोखंड कापून करता येते असे मानणारी माणसे विरळा. एबेर्लीदेसचे दोघे भाऊ, कांतियो बंधू, त्या विरळांपैकी होते. त्यांचे म्हणणे मात्र वरवर दिसते तितके वेडगळ नव्हते. यंत्राच्या दोन बाजू सारख्या नाहीत, डावी बाजू म्हणजे बगळीची छाती आणि उजवी म्हणजे गळा, हे रेबोलोत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होते. डावी घुमे, उजवी गाई. आणि म्हातारा सिरिलो कांतियो याने थोरल्या निकानोरच्या विसाव्या वाढदिवशी त्याला डाव्या बाजूचे गुपित दिले होते, तर धाकट्या रोबिन्सनला, तोही वीस वर्षांचा झाल्यावर, उजवीचे. दोघांनीही देवमाता मानलेल्या कार्मेनच्या मातेच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली होती, की हे गुपित आपल्या भावाला कधीही सांगणार नाही.

असे गुपित कशाला, असा प्रश्न तिथे कोणाला पडत नसे. पिकोवाला आपली उत्तम तबकडी हाती येताच तिच्यावरचे नाव नाण्याने खरवडून काढतो. प्रतिस्पर्ध्याला गाणे ऐकू येते, पण ते कोणाचे आणि कुठले हे कळत नाही. सिरिलोने हाच न्याय यंत्रालाही लावला होता. व्हॉल्व्हवरचे क्रमांक त्याने घासून काढले, रेझिस्टरांवरचे रंगीत पट्टे काळ्या रंगाने बुजवले आणि सगळ्यावर वितळलेले डांबर ओतले. चोरापासून यंत्र वाचले, पण दुरुस्त करणाऱ्यापासूनही ते तितकेच वाचले. एकोणीस वर्षांपूर्वी, शेजारच्या मोहल्ल्यातल्या पिकोशी ऐन सामना रंगला असताना, डावी बाजू जळली. रोबिन्सन म्हणाला, तिची निगा ठेवली नव्हती. निकानोर म्हणाला, रोबिन्सनने आवाज नको तितका चढवला. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

एबेर्लीदेसला बापाने कुठलीच बाजू दिली नाही. ती मुलगी होती. तिच्या वाट्याला दोघांचे निरोप आले.

"एबे," बंदरावरच्या क्रेनच्या आवाजात निकानोर खुर्चीवरून म्हणाला, "आईच्या धाकट्याला सांग, मधला ट्रान्सफॉर्मर माझ्या बाजूला येणार."

"एबे," हातभर अंतरावर बसलेला रोबिन्सन नखे पाहत म्हणाला. त्याचे केशकर्तनालय होते आणि नखे नेहमी स्वच्छ असत. "आईच्या थोरल्याला सांग, ट्रान्सफॉर्मरसुद्धा कापायचा. मधोमध."

"ट्रान्सफॉर्मर कापला तर दोघांकडे भंगार उरेल," एबेर्लीदेस म्हणाली. "एकाचीही बाजू वाजणार नाही."

"त्याची वाजणार नसेल तर माझी नाही वाजली तरी चालेल," दोघे एकदमच म्हणाले, आणि एकदम म्हटले गेले म्हणून दोघेही चिडले.

वाल्बेर्तो वाटीतून वर न पाहता म्हणाला, "जुळे असल्यासारखे भांडतात. वयात नऊ वर्षांचा फरक आहे, पण काय ताल आहे!"

झुलत्या खुर्चीतून सिरिलो हे सारे ऐकत होता. सत्त्याऐंशीव्या वर्षी त्याचे गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत होते. तीन आठवड्यांत एबेर्लीदेसने त्याला किमान तीस वेळा विचारले असेल: बाबा, डाव्या बाजूला कुठले आकडे होते? आणि तीसही वेळा त्याने एकच उत्तर दिले होते, "विसरलो." जो माणूस चाळीस वर्षांपूर्वीच्या डॉमिनोच्या डावातला प्रत्येक मोहरा सांगू शकतो, तो विसरला यावर विश्वास ठेवायला मन फार मोठे लागते. तिचे तितके नव्हते.

तिची अडचण दुहेरी होती. डाव्या बाजूचे डांबर निकानोरच्या परवानगीने तिने तासून काढले, तर खाली नुसती काजळी. जळालेल्या रेझिस्टरांचे मोजमाप आता कुठल्याच मीटरला घेता येणार नव्हते. उजवी बाजू धड होती, पण त्या डांबराला रोबिन्सन हात लावू देत नव्हता. आणि तिच्यातही दोष होताच. सकाळीच तिने उजव्या बाजूला यंत्राच्या आधी एक साधा दिवा जोडून वीज सोडून पाहिली होती. तारा आतल्या आत कुठे भिडल्या असतील तर असा दिवा पूर्ण तेजाने पेटतो. सगळे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. सकाळी तो भगभगून पेटला होता.

"आई," ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाली, "तू सांग ना त्यांना."

बेत्साबेबाईंनी पळी हलवणे थांबवले नाही. "मी वाढदिवसाला काय मागितलं? दोन्ही पोरं एका टेबलाशी, आणि ती टकली तबकडी एकदा. टेबलावर तू यंत्र पसरलंस, आणि यंत्र तर आता कापायचंय. मी आता मागायचं सोडून दिलंय बाई."

टकली म्हणजे ती, जिचे नाव सिरिलोने सर्वांत आधी खरवडले होते. बगळी मुकी होईपर्यंत वीसएक वर्षे रेबोलो त्या गाण्यावर नाचले आणि ते कुठले गाणे हे रेबोलोला माहीत नव्हते. दूरदूरचे पिकोवाले हेर पाठवून थकले होते. खुद्द बेत्साबेबाईंनाही त्याचे नाव ठाऊक नव्हते. पावले मात्र पाठ होती.

एबेर्लीदेसने आईच्या हाताकडे पाहिले. मग ती एकाएकी वळली.

"निकानोर! जरा आत ये. पातेलं उतरवायचंय."

पातेले उतरवायचे नव्हते. तिने नळ पूर्ण सोडला, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये, आणि थोरल्या भावाला भिंतीशी दाबून विचारले, "तू शपथ घेतलीस तेव्हा नेमके शब्द काय होते?"

"ते तुला कशाला?"

"सांग."

"‘माझ्या बाजूचं गुपित मी माझ्या भावाला कधीच सांगणार नाही.’"

"मी तुझा भाऊ आहे?"

निकानोर शपथेचे शब्द बोटांवर पुन्हा मोजू लागला.

"अठ्ठावन्न वर्षांचा झालास, नीट विचार कर. बाबांना मुलगी हिशेबात धरायचीच नव्हती, म्हणून त्यांनी शपथेत भाऊ घातला आणि बहीण घालायला विसरले. त्या शपथेला माझ्या मापाचं भोक आहे, निको. कार्मेनच्या मातेला तुझ्याबद्दल काही म्हणता येणार नाही."

"ही वकिली झाली."

"वकिली तर वकिली. मी इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करते. जे बंद पडलंय त्यात हात घालायला कुठूनतरी वाट लागते. चारला तो वाल्बेर्तो हिचे दोन तुकडे करील, आणि तुझं गुपित एका अशा डब्याचं गुपित असेल जो अस्तित्वातच नाही. बोल."

निकानोरने नळाकडे पाहिले, तसबिरीकडे पाहिले. मग वाकून, तिच्या कानाशी तोंड नेऊन, तो भराभर पुटपुटला. "चार लाख सत्तर हजार. पंधराशे. एक लाख. छप्पन्न हजार, आणि पुन्हा छप्पन्न हजार. दोन लाख वीस हजार. आणि शेवटी…" तो थांबला. "शेवटी पाचशेचे दोन. शेजारी शेजारी. दोघांनी उष्णता वाटून घ्यायची. त्यांच्याऐवजी अडीचशेचा एकच लावू नकोस."

"हिशेब तर तोच होतो."

"लावू नकोस म्हटलं ना!" त्याचा आवाज असा फाटला की बेत्साबेबाईंची पळीही थांबली. तो झटकन बाहेर गेला.

 सुटे भाग ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यातून एबेर्लीदेसने सहा मापांचे रेझिस्टर निवडले.  अडीच वाजले होते. डावी बाजू तासाभरात जुळून आली असती. पण डावीला जीव आला तरी उजवी मारून टाकणारच होती, कारण दोन्ही बाजूंना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच होता. रोबिन्सन परसात चिकूच्या झाडाखाली सिगारेट ओढत उभा होता. ती त्याच्यापाशी गेली.

"त्याने सांगितलं?" त्याने आपणहून विचारले.

"हो."

"नळ सोडलास तेव्हाच कळलं मला." त्याने धूर सोडला. "म्हणजे त्याची छाती घुमणार, आणि माझा गळा मुकाच राहणार. गल्ली म्हणणार, थोरल्याची बाजू वाजली, धाकट्याची बसली."

"ते तुझ्या हातात आहे. डांबर खरवडू दे. आणि आत जे बदलावं लागेल त्याचे आकडे सांग."

"शपथ आहे."

"शपथेत बहीण आहे?"

त्याला निकानोरच्या अर्धाही वेळ लागला नाही. दिवसभर लोकांच्या कानाशी बोलण्यात आयुष्य गेलेला तो न्हावी होता. तो हसला, सिगारेट विझवली आणि तिच्या कानाशी वाकला. "चार लाख सत्तर हजार."

सुरुवात तर कुठल्याही यंत्रात तीच असते, असे तिच्या मनात आले.

"पंधराशे. एक लाख."

हेही तेच होते.

"छप्पन्न हजार…"

"आणि पुन्हा छप्पन्न हजार," एबेर्लीदेस म्हणाली.

तिला ते म्हणायचे नव्हते. शब्द तोंडातून आपोआप निसटले, गाण्याची पुढची ओळ निसटते तसे. रोबिन्सन मागे सरकला. त्याच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले आणि क्षणात दुपटीने परत चढले.

"तुला कुणी सांगितलं?"

"रोबी, ऐक…"

पण तो ऐकायला थांबला नाही. परसाचे दार भिंतीवर आदळले, आणि घरात एकोणीस वर्षांत जे घडले नव्हते ते घडले. रोबिन्सन सरळ निकानोरसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याच्या नाकापुढे बोट नाचवत ओरडला, "चोर आहेस तू! माझी बाजू चोरलीस!"

बेत्साबेबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "बोलला!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला. "निकानोरशी बोलला! आई कार्मेन, वाढदिवसाला तू काय दिलंस हे!"

"कुणी काय चोरलं रे?" निकानोर उठला. खुर्ची मागे कलंडली. "तूच चोरलं असशील! लहानपणापासून दाराला कान लावायची सवय तुझी!"

"छप्पन्न हजार दोनदा! हे माझ्या बाजूचं आहे!"

"माझ्या बाजूचं आहे! मला बाबांनी या टेबलाशी सांगितलं!"

"मला चिकूखाली सांगितलं! दोन लाख वीस हजार!"

"माझं! आणि शेवटी…"

"शेवटी पाचशेचे दोन!" दोघे एकाच श्वासात ओरडले. "शेजारी शेजारी!"

मग सांकोचोचे बुडबुडे स्पष्ट ऐकू आले. वाल्बेर्तोने चमचा हवेतच धरला होता. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत होते. आणि हळूहळू, ज्या क्रमाने एबेर्लीदेसच्या ध्यानात आले होते त्याच क्रमाने, त्यांच्याही ध्यानात येत गेले. चोरी झालेली नव्हती. चोरण्याजोगे दुसरे काही मुळी नव्हतेच.

तिघांनी एकदम झुलत्या खुर्चीकडे पाहिले. खुर्ची झुलायची थांबली होती.

"बाबा," एबेर्लीदेस म्हणाली, "दोन्ही बाजू एकच आहेत?"

सिरिलोने तोंड पुसले. "बगळीला पंख दोन असतात. त्यातला एक बगळीचा नि एक कावळ्याचा असतो का?"

"पण छाती आणि गळा…"

"छाती-गळा स्पीकरांच्या पेटाऱ्यांत आहे, पोरी. डाव्या पेटाऱ्यात मोठे पडदे बसवले, उजव्यात लहान. यंत्रात डावं-उजवं सगळं सारखं. लोकांनी म्हटलं छाती, लोकांनी म्हटलं गळा. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"मग आम्हाला का खोटं सांगितलंत?" निकानोरचा आवाज आता क्रेनचा राहिला नव्हता.

"खोटा आकडा एकही सांगितला नाही. माझ्याकडे गुपित एकच होतं. मुलगे दोन." म्हाताऱ्याने खांदे उडवले, पण डोळे उचलले नाहीत. "थोरल्याला दिलं असतं तर धाकटा रुसून गेला असता. धाकट्याला दिलं असतं तर थोरला. मी म्हटलं, प्रत्येकाला वाटू दे की आपल्याकडे अर्धं आहे. ज्याच्याकडे अर्धं असतं तो उरलेल्या अर्ध्यासाठी घरी येत राहतो."

"आणि आले?" बेत्साबेबाईंनी विचारले.

सिरिलो खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडू लागला.

"एकोणीस कार्निव्हल, सिरिलो. मी एकेकाला वेगवेगळ्या दिवशी जेवू घातलं. एकत्र आले का?"

"नाही आले," म्हातारा म्हणाला.

या ठिकाणी कोणी रडले असते तर कथा सोपी झाली असती. रडले कोणी नाही. निकानोरने कलंडलेली खुर्ची उभी केली, तिच्यावर बसला आणि टेबलाच्या लाकडाकडे पाहत म्हणाला, "मी जाळली."

"काय?"

"त्या दिवशी. सामन्याच्या सकाळी त्या दोन पाचशेंपैकी एक तुटलेला दिसला. दुकानं बंद होती. माझ्याकडे अडीचशेचा एक होता. म्हटलं, हिशेब तोच होतो. दोघांचं ओझं एकावर टाकलं मी. तो जळला आणि सगळ्यांना घेऊन गेला." त्याने घसा खाकरला. "तू आवाज चढवलास म्हणून नाही जळली, रोबी."

 रोबिन्सनने काय म्हणावे याची एबेर्लीदेसने मनातल्या मनात दहा वाक्ये रचली, आणि दहाही चुकली.

"एकोणीस वर्षं," रोबिन्सन म्हणाला, "कुणाच्याही दुकानात रेडिओचा आवाज चढवायचा असला की माझा हात मागे येतो, गाढवा. मला वाटायचं मीच मारली तिला." मग त्याने बाही दुमडली, आईच्या टेबलावरची बोथट सुरी उचलली आणि बहिणीकडे पाहिले. "कुठून खरवडू?"

"डांबर आधी गरम करावं लागेल," एबेर्लीदेस म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तीन वाजून पाच मिनिटं झालीत. निकानोर, दिवा धर. वाल्बेर्तो, वाटी खाली ठेव आणि वारा अडव, डाख थंड होतोय!"

त्या पाऊण तासात त्या टेबलाशी जे काम झाले ते तीन आठवड्यांत झाले नव्हते. डाव्या बाजूला एबेर्लीदेस एकामागून एक रेझिस्टर डाखत गेली. पाचशेचे दोघे तिने सर्वांत शेवटी लावले, शेजारी शेजारी, मधे वारा खेळेल एवढी फट ठेवून. समोरून रोबिन्सन न्हाव्याच्या सफाईने डांबर उतरवत होता, जणू एखाद्या म्हाताऱ्याची दाढी. निकानोरचा दिवा कधी इकडे, कधी तिकडे.

"तुझी सावली पडतेय," रोबिन्सन म्हणे.

"तुझं डोकं मोठं आहे," निकानोर म्हणे.

यातला एकही निरोप एबेर्लीदेसमार्फत गेला नाही.

डांबराखालून काळे रेझिस्टर निघाले, आणि तिने मीटर लावून एकेक मोठ्याने वाचला. प्रत्येक आकड्याला दोघे भाऊ, शाळेत पाढे म्हणावेत तसे, तिच्या आधीच ओरडत. मग एक फुगलेला, तेल ओकलेला कंडेन्सर निघाला. "हा! सकाळी हाच पेटवत होता दिवा!" ती ओरडली. तिने तो छाटला, नवा लावला, पेटी उलटवून सरळ केली आणि सोळा व्हॉल्व्ह एकेक करून जागी बसवले. चाराला आठ मिनिटे कमी होती. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण खिडकीत शेजाऱ्यांची डोकी दिसू लागली होती. कोणीतरी आतापासूनच टाळ्यांचा ठेका धरला होता.

"वीज!" एबेर्लीदेस म्हणाली.

प्लगमध्ये ग्राइंडरची वायर होती. तीन हात तिच्याकडे गेले, पण सर्वांच्या आधी बेत्साबेबाई पोहोचल्या. त्यांनी ती हिसका देऊन उपटली, वाल्बेर्तोच्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "जा, जेव. सांकोचोसाठी ये, कापायला पुन्हा येऊ नकोस."

बगळीची वायर आत गेली. परीक्षेचा दिवा पेटला आणि भगभगला. एबेर्लीदेस मोजू लागली. एक, दोन, तीन, दिवा तसाच. मग त्याचा पिवळा नारिंगी झाला, नारिंगीचा तांबूस, आणि तो विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मंद होऊन स्थिरावला. त्याच वेळी सोळा काचांच्या पोटात सोळा ठिणग्या उमलल्या.

"डावीकडे आठ," निकानोर कुजबुजला.

"उजवीकडे आठ," रोबिन्सन म्हणाला.

तिने दिवा काढून टाकला आणि वीज सरळ यंत्राला जोडली. स्पीकरांतून समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यासारखा हलका सूं-सूं आवाज आला, दोन्हींतून, सारखाच. बेत्साबेबाईंनी कपाटातून टकली आणली. तिच्या मधोमध चाळीस वर्षांपूर्वीच्या नाण्याचे ओरखडे होते. ती त्यांनी कोणाही मुलाच्या हाती न देता मुलीच्या हाती दिली.

एबेर्लीदेसने ती बगळीच्या रेकॉर्ड-प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली.

आधी ढोल आला, पोटात बुक्की मारावी तसा. मग गिटार, मग उजव्या पेटाऱ्यातून बायकांचा तो झुलता कोरस. आणि भिंतीवरची तसबीर, ताटातला चमचा, खिडकीतली डोकी, सारे एकदम थरथरू लागले. गल्लीतून आरोळी उठली. कार्मेनच्या मातेला साक्षी ठेवून बेत्साबेबाईंनी ॲप्रन भिरकावला आणि एका हाताने थोरल्याला, दुसऱ्याने धाकट्याला ओढून त्या नाचू लागल्या. वाल्बेर्तो ग्राइंडर कडेवर घेऊन, मूल खेळवावे तसा, झुलत होता.

सिरिलोने बोटाने मुलीला जवळ बोलावले. ती वाकली. म्हाताऱ्याने तिच्या कानाला तोंड लावले.

"तुला मी काही दिलं नव्हतं," तो म्हणाला. "थोड्या उशिरानं देतोय." आणि त्याने टकलीचे नाव सांगितले: गाण्याचे, गाणाऱ्याचे आणि ती तबकडी ज्या जहाजावरून आली त्या जहाजाचेही.

निकानोरने ते पाहिले. रोबिन्सननेही. दोघे आईच्या हातांत हात असतानाच ओरडले, "काय म्हणाले बाबा? काय सांगितलं?"

या घरात गुपिताने काय केले हे एबेर्लीदेसने तासापूर्वीच पाहिले होते. तिला विचार करावा लागला नाही. ती सरळ उभी राहिली, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि छातीतला सगळा वारा लावून टकलीचे नाव जाहीर करून टाकले, भावांना, आईला, वाल्बेर्तोला, खिडकीतल्या रेबोलोला, ज्याला हवे त्याला.

"काय?" निकानोर ओरडला.

"मोठ्यानं!" रोबिन्सन ओरडला.

तिने पुन्हा सांगितले, त्याहूनही मोठ्याने, एकेक अक्षर तोडून. पण बगळीच्या दोन्ही बाजू वाजत होत्या, आणि कोणालाही काही ऐकू आले नाही.